मदत हवी आहे: जुन्या कॅराव्हॅनमध्ये ओल, पाणी शिरतंय कुठून ते सापडत नाही

नमस्कार मंडळी,

गिरणाऱ्याला आमची द्राक्षबाग आहे. बागेच्या बांधाला एक जुनी कॅराव्हॅन उभी असते. गाडीमागे जोडून ओढायची, स्वतःचं इंजिन नसलेली. आमच्या अप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ती एका बंद झालेल्या रिसॉर्टकडून घेतली. तेव्हापासून छाटणी आणि काढणीच्या दिवसांत त्यांचा मुक्काम तिच्यातच असतो. लाकडी बॅटनचा, म्हणजे रिपांचा, सांगाडा, आतून ३ मिमी प्लाय, बाहेरून अॅल्युमिनियमचा पत्रा आणि मधल्या पोकळीत थर्माकोल, अशी बांधणी आहे.

यंदाच्या पावसात पुढच्या डाव्या कोपऱ्यात ओल आली. आधी नुसता कुबट वास यायचा. मग पुढच्या खिडकीखालचा प्लाय फुगला आणि बोटाने दाबला तर आत जायला लागला. बैठकीखालचा खण रिकामा करून कोपऱ्यातला प्लाय पट्टीने हळूच उचकटला. आतलं बॅटन काळं पडलंय. स्क्रूड्रायव्हर टोचला तर सहज आत गेला आणि बाहेर काढताना लाकडाचे बारीक चौकोनी तुकडे गळून पडले. थर्माकोल धड आहे, पण त्याच्या पाठीमागे पाण्याचे थेंब होते. पत्र्याला आतून पांढरी भुकटी धरली आहे. फरशीही त्या कोपऱ्यात पायाखाली दबते.

दोन पिनांचा ओलावा मीटर मागवला. खिडकीखाली २८ ते ३० टक्के, कोपऱ्याच्या तळाशी मीटरची हद्दच संपते. उजव्या भिंतीला मात्र सगळीकडे १७-१८ दाखवतो. परदेशातले लोक १५ च्या आत कोरडं आणि २० च्या वर धोका असं सांगतात. मग उजवी भिंतही बिघडतेय असं समजायचं का?

सर्वात कोड्यात टाकणारी गोष्ट पुढेच आहे. धो धो पाऊस चालू असताना कोपरा ठीक वाटतो आणि उघडीप पडली की दुसऱ्या दिवशी ओला लागतो. खिडकीचं रबर बदलून झालं, काहीच फरक नाही.

गावातले सुतारमामा म्हणतात, वरून नवा प्लाय मारून देतो. भावकीतून सल्ला येतो की भंगारात घाला. मला दोन्ही पटत नाही. वरून झाकलं तर आतलं कुजणं चालूच राहणार. आणि भंगारात का घालायची? चासी ठणठणीत आहे, एक कोपरा गेलाय. अप्पांना त्या गाडीत झोप चांगली लागते, एवढं कारण मला दुरुस्तीसाठी पुरेसं आहे.

तर पाणी नेमकं कुठून शिरतं ते पक्कं कसं शोधू? सांध्यांना हार्डवेअरवाला सिलिकॉन देतोय, ते चालेल का? बॅटन अर्धं कापून बदलता येतं की पूर्ण काढावं लागतं? आणि वेळेचा पेच आहेच. पाऊस परतला की वाळवायला ऊन मिळतं, पण नेमकी तेव्हाच गोडी छाटणी (फळांसाठीची) सुरू होते आणि हाताशी एक माणूस मिळत नाही. फोटो जोडलेत.

मूळचा पंचवटीकर

ताई, मी सध्या इंग्लंडात असतो. इथे कॅराव्हॅनच्या वार्षिक सर्व्हिसिंगमध्ये ओल मोजणं हा ठरलेला भाग असतो, म्हणून आधी आकड्यांबद्दल लिहितो. १५ आणि २० हे इथल्या हवेला धरून काढलेले ठोकताळे. लाकूड भोवतालच्या हवेतली ओल धरतं. पावसाळ्यात आर्द्रता ८५-९० टक्के असताना निरोगी लाकूडसुद्धा १८ च्या आसपास जातं. म्हणून गिरणाऱ्याला नुसता आकडा बघू नका, फरक बघा. मधल्या कपाटाच्या आत, सांध्यांपासून लांब अशी जागा मोजा आणि तिला आधार धरा. तिथेही १७ आलं तर तुमची उजवी भिंत ठीक आहे. त्याहून चार-पाच अंक वर जाणारी जागा संशयाची. पिना पत्र्याला किंवा स्क्रूला टेकल्या तर आकडा खोटा येतो, तेवढं सांभाळा. २८-३० बद्दल मात्र वाद नाही, इतक्या ओलीत बुरशी लाकूड खाते आणि चौकोनी तुकडे पडणं ही तिचीच खूण.

आता उशिरा येणाऱ्या ओलीबद्दल. छत आणि भिंत जिथे भेटतात तिथे अॅल्युमिनियमची लांब पट्टी स्क्रूने बसवलेली असते. तिच्याखाली मऊ मसाला भरलेला असतो. वर्षानुवर्षं ऊन खाऊन तो सुकतो, तडकतो, आणि पाणी स्क्रूच्या भोकातून थेंबाथेंबाने आत उतरतं. तिथून ते बॅटनवरून सरकत सरकत सगळ्यात खालच्या टोकाला पोचतं. त्याला वेळ लागतो, म्हणून ओल दुसऱ्या दिवशी दिसते. तुमच्या फोटोत गाडी पुढच्या बाजूला झुकलेली दिसतेय. म्हणजे ओल पुढे दिसली तरी पाणी पार मागून आलेलं असू शकतं. खिडकीवर खर्च करण्याआधी छताची कड तपासा.

शोधायची खात्रीची पद्धत हवेची. खिडक्या बंद करा, छतावरची आणि फरशीची हवेची तोंडं कागदी टेपने तात्पुरती बुजवा, आणि दारात पुठ्ठा लावून त्यातून ब्लोअरने हवा आत सोडा. मग बाहेरून साबणाचं पाणी ब्रशने सगळ्या सांध्यांवर, दिव्यांच्या कडांवर, स्क्रूंवर लावा. जिथे बुडबुडे येतात तिथून हवा बाहेर येते, आणि तिथूनच पाणी आत जातं.

आडगाव नाका

पंचवटीकरांना +१. फक्त एक गोष्ट ठळक सांगतो. टेस्ट झाली की फरशीजवळच्या तोंडांवरची टेप लगेच काढा. आत शेगडी असेल तर ती तोंडं गॅससाठी असतात. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो आणि त्याच वाटेने बाहेर पडतो. ओल येते म्हणून ती भोकं कायमची बुजवलेली मी पाहिली आहेत. जिवाशी खेळ आहे तो.

माझं बस-ट्रकच्या बॉडीचं काम आहे. ब्लोअर नसेल तर पाण्याने शोधा. आधी २३० व्होल्टची वायर काढून ठेवा. एक माणूस आत टॉर्च घेऊन, एक बाहेर बागेचा साधा पाइप घेऊन. सुरुवात खालून. एका सांध्यावर दहा मिनिटं पाणी, मग वरचा सांधा. आधीच छतावर पाणी ओतलं तर सगळंच भिजतं आणि कळत काही नाही. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन तर अजिबात नको, ती धडधाकट सांध्यातूनही पाणी आत ढकलते.

सिलिकॉन या पट्ट्यांना नको. कडेला बोटाने ओढलेलं सिलिकॉन काही महिन्यांत सुटतं आणि मागे असा थर सोडतं की त्यावर नंतर ना मसाला धरत ना रंग. पट्टी काढूनच काम करावं लागतं. जुना मसाला प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने खरवडायचा, पत्र्यावर लोखंडी पट्टी चालवायची नाही. जागा पुसून कोरडी केली की पट्टीच्या पाठीला ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी टेप) आणि मग पट्टी परत. ब्युटाइल कडक होत नाही, पत्रा उन्हात वाढला-आकसला तरी सोबत ताणतो. बस बॉडीला आम्ही पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट वापरतो, ते भक्कम असतं, पण पुन्हा उघडायच्या जागी, उदा. खिडकीला, लावू नका. आणि खिडकी काचेची नसून अॅक्रिलिकची असेल तर थिनर तिच्याजवळ नेऊ नका, बारीक चिरा पडतात.

रंधा

लाकडाचं मी सांगतो. बॅटन पूर्ण काढायची गरज नाही. टोचत टोचत वर जा, जिथे टोक आत जाणं थांबेल तिथून आणखी वीतभर निरोगी लाकूड सोडून कापा. काप सरळ घेऊ नका, लांब तिरका घ्या, म्हणजे नव्या-जुन्याला चिकटायला जागा मिळते. नवं लाकूड मुरलेलं घ्या आणि बसवण्याआधी बोरॅक्स व बोरिक अॅसिडचं पाणी पाजून पूर्ण सुकवा. बुरशी आणि वाळवी दोन्हींना ते चालतं. उरलेल्या जुन्या लाकडालाही ब्रशने लावा.

प्लाय घेताना दुकानदार 'वॉटरप्रूफ आहे' म्हणेल, त्यावर जाऊ नका. आयएस ७१० चा शिक्का बघा, तो मरीन प्लाय. आयएस ३०३ वेगळा, तो सर्वसाधारण वापराचा. कापलेल्या कडांना सीलर लावल्याशिवाय बसवू नका, कारण प्लाय पाणी पितो तो कडेने.

थर्माकोल चिकटवायला सनमायकाचं पिवळं रबर सोल्युशन वापरू नका. त्यातलं सॉल्व्हंट थर्माकोल विरघळवतं, डोळ्यांसमोर खड्डे पडतात. पाण्यावर आधारित डिंक किंवा पीयू घ्या. फरशी दबतेय म्हणजे प्लाय आणि थर्माकोल सुटे झालेत. प्लाय कुजलेला नसेल तर वरून बारीक भोकं पाडून पातळ इपॉक्सी सोडता येतं, वर वजन ठेवून सुकवायचं. कुजला असेल तर तेवढा चौकोन कापावाच लागेल. चासीचे बोल्ट जिथे फरशीला धरतात तिथलं लाकूड खालून तपासा. ते गेलं असेल तर दुरुस्तीपर्यंत गाडी रस्त्यावर ओढू नका.

मखमलाबादकर

दुसऱ्या फोटोत गाडीवर शेततळ्याचा प्लास्टिक कागद टाकलेला दिसतोय. तो ५०० मायक्रॉनचा कागद पाणी आत येऊ देत नाही तसंच आतली वाफही बाहेर जाऊ देत नाही. रात्री गार पडलं की खालून थेंब धरतात. द्राक्षबागेचे जुने लोखंडी अँगल असतीलच, त्यांचा मांडव करा आणि कागद छतापासून हात-दीड हात वर बांधा. बाजू मोकळ्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. कपाटातली आधाराची जागा मोजली, तिथेही १७ आलं. म्हणजे उजवी भिंत सुटली.

अँगलचा मांडव झाला आणि काल दुपारी हवेची टेस्ट केली. ब्लोअर फवारणीचा नाही, कार धुणाऱ्याकडून मागून आणला. पुढच्या खिडकीला एकही बुडबुडा नाही. डाव्या बाजूच्या पट्टीला, दाराच्याही मागे, लागोपाठ तीन स्क्रूंपाशी मात्र फेस यायला लागला. मागच्या कोपऱ्यातल्या लाल दिव्याच्या बुडालाही. अप्पा स्टुलावर चढून खडूने एकेका जागेवर खूण करत होते. आतून त्या पट्टीखालचं बॅटन मोजलं तर २४ ते २६, आणि टोचलं तर टोक आत जात नाही. ओलं आहे, कुजलेलं नाही. फरशीच्या तोंडांवरची टेप तेव्हाच काढली.

ठरलं ते असं: आधी पट्टी आणि दिवा, कारण पाणी थांबल्याशिवाय वाळवण्यात अर्थ नाही. कोपऱ्यातला प्लाय आणि थर्माकोल काढून भिंत आतून उघडी ठेवायची, ऑक्टोबरच्या उन्हात सुकू द्यायची. छाटणी उरकेपर्यंत मीटर आधाराच्या आकड्यावर आला की मग बॅटन आणि प्लाय. सुतारमामांना रंधा यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. तिरका काप ते घेतीलच म्हणाले, बोरॅक्सचंही पटलं त्यांना.

एक अडचण उरली. पट्टीचे स्क्रू गंजलेत. दोन फिरवून पाहिले, एकाचं डोकं तुटलं आणि दांडा लाकडातच राहिला. आता?

आडगाव नाका

जबरदस्ती करू नका ताई, पत्रा फाटेल. बाकीच्यांना रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, सकाळी आधी किंचित आवळून मग उलटे फिरवा. तुटलेला दांडा बाहेर दिसत असेल तर ग्रिप पक्कडने, नाहीतर लाकडात तसाच राहू द्या आणि पट्टीला शेजारी नवं भोक घ्या. जुनं भोक इपॉक्सीने भरा. नवे स्क्रू स्टेनलेसचे घ्या आणि प्रत्येक स्क्रू बसवण्याआधी सीलंटमध्ये बुडवा. त्याने भोकही बंद होतं आणि स्टेनलेस थेट अॅल्युमिनियमला लागत नाही, नाहीतर ओलीत त्या जागी पत्रा खाल्ला जातो. ब्युटाइल टेप पट्टीच्या रुंदीची घ्या, आवळल्यावर कडेने थोडी बाहेर आली पाहिजे. बाहेर आलेली लगेच कापू नका, दोन-तीन दिवस ऊन लागून बसू द्या, पुन्हा एकदा स्क्रू हलके आवळा आणि मग कापा.