सेमी इंग्रजीच्या मुलांना धडे दोन भाषांत ऐकवावेत का?

पानसुपारी: आमच्याकडे सेमी म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. सहावीतलं पोर विज्ञानाचा धडा घडाघडा वाचतं, पण काय वाचलंस विचारलं की तोंडाकडे बघत बसतं. घरच्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून तेही 'बाईंना विचार' म्हणून मोकळे! माझं मत : धडा आधी मराठीत ऐकवा, मग इंग्रजी ऑडिओ लावून पुस्तकात ओळींवर बोट फिरवायला सांगा. वाचनावर संशोधन करणाऱ्या गफ आणि टनमर यांनी 1986 मध्ये मांडलेलं सूत्र आहे : वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार आहे, बेरीज नव्हे. एक बाजू शून्य, तर उत्तर शून्य. आणि आपण शिकवणी लावतो ती स्पेलिंगची.

खडूफळा: सूत्र मान्य, उपाय अमान्य. इंग्रजी वाक्य आणि लगेच मराठी अर्थ, ही आम्हा मास्तरांचीच जुनी खोड. पोरं इंग्रजीकडे कानाडोळा करून मराठीची वाट बघतात. आता तेच मोबाइलवर? 'असर' म्हणजे खेड्यांतल्या मुलांना वाचता येतं का, गणित येतं का हे घरोघरी जाऊन बघणारी पाहणी. तिच्यात 2024 मध्ये ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या 27.1 टक्के मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला. आधी वाचायला शिकवा, ऐकवत काय बसता.

पानसुपारी: वाक्यागणिक अर्थ सांगायला माझाही विरोधच आहे. अख्खा भाग मराठीत, मग मध्ये थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि तोच भाग इंग्रजीत. शिवाय 'असर'मध्ये मूल मोठ्याने वाचतं का ते बघतात. म्हणजे त्या 27 टक्क्यांतल्या सगळ्यांना कळलंच असेल असंही नाही.

खानदेशची_लेक: घरात फोन एकच, तो यांच्याबरोबर कामावर. रात्री येतो तेव्हा लेकरू पेंगत असतं. आणि ऑडिओतलं मराठी बातम्या दिल्यासारखं. आम्ही घरात अहिराणी बोलतो. धडा आपल्या बोलीत मीच सांगेन की, त्याला ऑडिओ कशाला? इंग्रजी तेवढं ऐकवा, ते मला जमत नाही.

पानसुपारी: हे तर माझ्यापेक्षा बरं. बालभारतीचं मराठी माध्यमाचं विज्ञानाचं पुस्तक आणि सेमीवाल्यांचं इंग्रजी पुस्तक, दोन्हींत धडे तेच असतात. मराठी पुस्तकाची पीडीएफ फुकट मिळते. तुम्ही आधी ते वाचा, मग सांगा.

गोष्टवेल्हाळ: धडेच का पण? प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या गोष्टींच्या वेबसाइटवर 2015 पासून एकच गोष्ट अनेक भाषांत मिळते. काही गोष्टी तर वाचून दाखवलेल्याही आहेत. गोष्ट कळली नाही तर मूल स्वतःहून विचारतं. बाष्पीभवनाबद्दल कोण विचारणार?

खडूफळा: मुद्दा तोच! ऑडिओ संपला की प्रश्न कोण विचारणार? आईला इंग्रजी येत नाही, हे तर वरच ठरलंय.

खानदेशची_लेक: विचारायला इंग्रजी कशाला लागतं सर? पुसलेली फरशी आधी कुठली वाळली, पंख्याखालची की कोपऱ्यातली, आणि का? लेकीनं बरोबर सांगितलं, मग पुस्तकात ते कुठे लिहिलंय तेही तिनेच शोधलं.

खडूफळा: छान. पण आमच्या घटक चाचणीत इंग्रजीतून व्याख्या लिहावी लागते, फरशी नाही विचारत.

खानदेशची_लेक: मग चाचणी कोण काढतं? तुम्हीच ना?