सांगलीच्या हरभट रोडचं काय करायचं ते पेठेनंच ठरवावं का?

कापडपेठेतला

गेल्या रविवारी संध्याकाळी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून पायरीवर बसून समोरची शटरं मोजली. अकरा गाळ्यांपैकी चार बंद. सुट्टी म्हणून बंद नव्हेत, कुलपं गंजलेली. दोघं विश्रामबागला गेले, एकानं शंभर फुटी रस्त्यावर शोरूम काढली, चौथ्याची पोरं पुण्यात नोकरीला.

आमचं दुकान आजोबांपासूनचं. २००५, २०१९ आणि २०२१, तिन्ही पूर त्याच जागेत धुऊन काढले. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि धोक्याची पातळी आहे ४५. ओली थानं रस्त्यावर टाकली त्या दिवशी वडील कुणाशी बोलले नाहीत. तरी पेठ पुरानं ओस पडली हे मला पटत नाही. पाणी उतरल्यावर पंधरा दिवसांत शटर वर करणारी हीच माणसं होती. त्यांना घालवलं रोजच्या वैतागानं. गाडी लावायला जागा नाही, चालायला जागा नाही, वरच्या मजल्यावर राहणारं कुणी उरलं नाही, आणि रात्री नऊनंतर कापडपेठेत कुत्र्यांशिवाय कुणी नसतं.

यावर उपाय म्हणून कुणी 'सुशोभीकरण' म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. चार महिने रस्ता खोदून ठेवायचा, मग पेव्हर ब्लॉक, एक कमान आणि रंगीत दिवे. दुसऱ्या पावसाळ्यात ब्लॉक उचकटून गटार शोधायचं.

माझं म्हणणं एवढंच, की बाहेरच्या सल्लागारानं नकाशा काढायच्या आधी पेठेनं गल्लीवार स्वतःची वही तयार करावी. कुठलं गटार उलटं वाहतं, कुठल्या बोळात अग्निशमनची गाडी शिरत नाही, कुठल्या वाड्याची भिंत या पावसाळ्यात बसेल, मालाचे टेम्पो किती वाजता येतात, रस्त्यावर कोण कुठं बसतं. हे आम्हाला तोंडपाठ आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीनं प्रभाग समित्या दिल्या, महाराष्ट्रानं २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद केली. मतदारांनी बसून आपल्या भागाची कामं सुचवायची, असं कायदाच म्हणतो. मध्यंतरी काही वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. तेव्हाही आपण गप्पच होतो.

सुरुवात म्हणून महिन्यातला एक रविवार हरभट रोडचा एक तुकडा गाड्यांना बंद ठेवू. बोला.

वखारभाग

धागा चांगला आहे, पण 'पेठेनं' म्हणजे कुणी? तुम्ही, तुमच्या शेजारचे सराफ आणि समोरचे होलसेलवाले? दुकानदाराची बाइक सकाळी दहाला स्वतःच्या दुकानापुढं लागते ती रात्री नऊला हलते. मुलाची दुसरी, कामगाराची तिसरी. मग गिऱ्हाईकानं गाडी डोक्यावर घ्यायची काय?

आयर्विनच्या शेजारच्या नव्या पुलाच्या वेळचं आठवतंय का? रस्ता पेठेत उतरणार म्हटल्यावर सगळे एक झाले. तेव्हाचा विरोध बरोबर की चूक तो वाद सोडा. अडवायला एका रात्रीत एकी होते. काही उभं करायचं म्हटलं की प्रत्येकाला बारसं असतं.

तुमच्या सभेत काय होणार ते आत्ताच सांगतो. पहिला ठराव, फेरीवाले हटवा. दुसरा, बहुमजली पार्किंग करा (दुसऱ्याच्या जागेत). तिसरा ठराव नाही, चहा आणि भडंग.

कापडपेठेतला

बाइकचं मान्य. माझीही तिथंच असते. उद्यापासून राजवाडा चौकात लावून चालत येईन म्हणतो, बघू किती दिवस टिकतं.

निवृत्त पाटबंधारे

भावना समजते, पण पाण्याशी भावनेनं बोलता येत नाही. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाच्या. आपण २००५ ते २०२१ या सोळा वर्षांत तीन महापूर पाहिले. नदी स्वतःची जागा मागत असताना तिथं पुन्हा पैसे ओतायचे का, हा पहिला प्रश्न. गल्लीची वही नंतर.

सांगलीचा व्यापार याआधीही हलला आहे. हळदीचे सौदे गणपती पेठेतनं मार्केट यार्डात गेले. गाव बुडालं का? उलट २०१८ ला सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरची हळद साठवायची पेवं तर जमिनीखालची होती, २००५ च्या पाण्यानं त्यांची काय गत झाली ते जुन्या माणसांना विचारा. बाजार उंचावर सरकतोय तर सरकू द्या. जुन्या गावात घाट, देऊळ, नाट्यमंदिर, बागा राहू देत. लोकांनी हात वर करून मतदान केलं म्हणून पाणी ४५ वर थांबत नाही.

(अलमट्टी धरणावर इथं कुणी सुरू होऊ नका. त्याचा धागा वेगळा आहे आणि तो अजून जळतोय.)

सूर्यवंशी प्लॉट

काका, तुमचे आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष नाही. इशारा पातळी ४० फूट. आमच्याकडं आणि दत्तनगरला माणसं त्याच्या आधीच ट्रंका बांधायला लागतात. कुणाच्या घरामागनं पाणी आधी येतं, कुठली म्हातारी निघायला नाही म्हणते, कुणाच्या गच्चीवर किती कुटुंबं मावतात, हे कुठल्याच पूररेषेवर लिहिलेलं नसतं. २०१९ ला बोटी येईपर्यंत आम्हाला कुणी सांभाळलं? गल्लीनंच.

आणि 'सरकू द्या' म्हणणं सोपं आहे. शंभर फुटीवर ज्याला गाळा परवडतो तो सरकला. शिलाई मशीन घेऊन कापडपेठेच्या जिन्याखाली बसणाऱ्यानं कुठं सरकायचं?

निवृत्त पाटबंधारे

ताई, गल्लीला पाणी कळतं हे मीही नाकारत नाही. आमच्या नोंदीत नसलेलं पुष्कळ मी लोकांकडनंच शिकलो. पण तीच गल्ली पाणी उतरल्यावर तळमजल्यावरच माल भरते. तळमजला फक्त विक्रीला, साठा वर, वीज मीटर डोक्याच्या वर, एवढा एक नियम तुमच्या सभेनं स्वतःवर घालून दाखवावा. मी पहिल्या रांगेत येऊन बसतो.

वाड्याचा चौदावा वारस

माल वर ठेवा म्हणता, पण 'वर' म्हणजे आमचा जिना, ज्याच्या तीन पायऱ्या गेल्यात. आमचा वाडा गावभागात. प्रॉपर्टी कार्डावर चौदा नावं, त्यातली दोन अमेरिकेत आणि एक कुठं आहे ते देवालाच ठाऊक. खाली पागडीचं जुनं दुकान, भाडं महिना दीडशे. १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा वर्षाला चार टक्के वाढ देतो. म्हणजे माझे सहा रुपये वाढले. त्यात छपराचं एक कौलही येत नाही.

भाडेकरू दुरुस्ती करत नाही कारण जागा त्याची नाही. मी करत नाही कारण उत्पन्न नाही. आणि खरं सांगायचं तर वाडा पडायची वाट आम्ही दोघंही बघतोय, वेगवेगळ्या आशेनं. तुमच्या वहीत हे कुठल्या रकान्यात लिहिणार? लोकसहभागानं वाटणी होत नसते साहेब.

कापडपेठेतला

या प्रतिसादानं मात्र गप्प केलं. याला माझ्याकडं उत्तर नाही. एकच सुचतं: एका बोळातल्या चार-पाच वाड्यांचे मालक आणि भाडेकरू एकत्र बसले तर निदान जिना आणि छपराचा खर्च कुणी किती उचलायचा यावर बोलणं होईल. आज तेही होत नाही, थेट वकिलाची नोटीस जाते.

मंडईतला

एवढं सगळं वाचलं. आई चाळीस वर्षं मारुती रोडला भाजी विकते. आत्तापर्यंत आम्ही या चर्चेत फक्त 'कोण कुठे बसतं' आणि 'हटवा' एवढ्यातच आलो.

२०१४ चा पथविक्रेता कायदा वाचा. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, तेही निवडून आलेले, त्यात एक तृतीयांश बायका. सर्वेक्षण झाल्याशिवाय उठवायचं नाही. म्हणजे लोकांनी ठरवायचं हे पेठेत नवीन नाही, आमच्यासाठी कायद्यात आधीच लिहिलंय. समितीची बैठक कधी होते हे आईला तिथं बसून कळत नाही ते सोडा.

आणि गर्दी आमच्यामुळं होते म्हणणाऱ्यांनी एक करून बघा. आठ दिवस भाजीवाल्या उठवा आणि मग गल्ल्यात किती पडलं ते मोजा. बाई कोथिंबीर घ्यायला येते म्हणून तुमच्या दुकानात ब्लाऊजपीस खपतो.

वखारभाग

कोथिंबीर आणि ब्लाऊजपीस! भावा, एवढं नेमकं कुणी बोललं नव्हतं. 'पेठेनं म्हणजे कुणी' या माझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडनं सुरू होतं.

माहेर गणपती पेठ

एक साधी गोष्ट विचारते. लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही सहा बायका सकाळी अकराला येतो. आधी कापडपेठ, मग सराफ कट्टा, मग मारुती रोड, आणि संध्याकाळचे पाच वाजतात. या पाच-सहा तासांत आम्ही पाणी पीत नाही. का, ते दादा लोकांना सांगावं लागावं याचंच नवल वाटतं.

विश्रामबागच्या दुकानांत एसी आहे म्हणून बायका तिकडं जातात असं पेठेला वाटतं. तिकडं जिन्याखाली एक स्वच्छ, कडी लागणारं दार असतं, म्हणून जातात. पार्किंगवर बोलून झालं, यावर एकही प्रतिसाद नाही. तुमच्या त्या वहीचं पहिलं पान एखाद्या बाईकडं द्या.

कोथरूडचा सांगलीकर

पुण्यात राहतो म्हणून शहाणपणा शिकवतोय असं समजू नका. इथं २००६ पासून नागरिकांनी महापालिकेच्या अंदाजपत्रकात कामं सुचवायची पद्धत आहे. मूळ कल्पना ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहराची, १९८९ ची. तिथं वस्तीवस्तीच्या सभेत माणसं समोरासमोर भांडून कामांचा क्रम लावायची. इथं आली तेव्हा त्याचा अर्ज झाला. अर्जात माणूस बाकडं, फलक आणि फरशी मागतो, कारण एकट्याला तेवढंच सुचतं. शेजाऱ्याशी भांडल्याशिवाय त्याची अडचण कळत नाही. तेव्हा क्षेत्रसभा करायची तर सभाच करा, गुगल फॉर्म फिरवू नका.

गाड्याबंद रस्त्याचं म्हणाल तर ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रोड एक दिवस चालणाऱ्यांना दिला, तेव्हापासून दरवर्षी तो पादचारी दिन असतो. लोक हौसेनं येतात, फोटो काढतात. १२ डिसेंबरला परत पहिल्यासारखं. दिल्लीच्या चांदणी चौकात २०२१ मध्ये रोजचं केलं, सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना बंदी. रोजचं करायचं तर माल पहाटे उतरवावा लागतो, आणि पेठेतला हमाल पहाटे येईल का हे त्याला विचारावं लागतं. हमालांना अजून या धाग्यावर कुणी विचारलेलं नाही, तेवढं लक्षात आणून देतो.

निवृत्त पाटबंधारे

एक दिवसाची जत्रा करायचीच असेल तर रविवार कशाला, ५ नोव्हेंबर घ्या. रंगभूमी दिन. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये याच गावात मराठी नाटक उभं केलं. भावे पुरस्कारासाठी त्या दिवशी बाहेरची माणसं सांगलीत येतात, नाट्यमंदिरात टाळ्या वाजवतात आणि गाडीत बसून जातात. त्यांना चालत पेठेतनं घाटापर्यंत न्या. पूररेषेत जत्रेला माझी हरकत नाही, गोदामाला आहे.

मंडईतला

त्या दिवशी गाड्या बंद, पण हातगाड्या चालू ना?

कापडपेठेतला

चालू.

मूळ धाग्यात एक दुरुस्ती करतो. मी 'पेठेनं ठरवावं' लिहिलं तेव्हा डोळ्यांपुढं दुकानदारच होते, कबूल. येत्या रविवारी सकाळी सातला, शटरं उघडायच्या आत, बालाजी चौकापासून चालत निघू. वही माझी, पण पहिलं पान गणपती पेठेच्या ताई लिहितील. मंडईतल्या भावानं आईला आणावं. पाटबंधारेवाल्या काकांनी प्रत्येक बोळात २०१९ चं पाणी भिंतीवर कुठपर्यंत होतं त्याची खूण करावी, खडू मी आणतो.

वाड्याचा चौदावा वारस

आमच्या भिंतीवर टेकू नका. खूण लांबूनच करा.

वखारभाग

सातला येतो. तुमची बाइक कुठं लावलीय ते आधी बघणार.