त्वचेचे आरोग्य: आहाराला आपण अवाजवी श्रेय देतो का?

धागाकर्ता:
त्वचेच्या आरोग्याचा विषय निघाला की चर्चा ताटापाशी सुरू होते आणि बहुतेक वेळा ताटापाशीच संपते. ऊन, धूम्रपान आणि चेहरा धुण्याची पद्धत यांचा उल्लेख जाता जाता होतो. माझे मत असे आहे की, ज्याच्या आहारात ठळक उणीव नाही, त्याच्या त्वचेवर पोषणापेक्षा या सवयींचाच परिणाम जास्त होतो.

ऑस्ट्रेलियातील नॅम्बोर येथे १९९२ ते १९९६ या काळात झालेल्या चाचणीत दोन्ही गोष्टी एकत्रच तपासल्या गेल्या. काहींना रोज सनस्क्रीन लावायला सांगितले, बाकीच्यांना ते त्यांच्या मर्जीवर सोडले. शिवाय काहींना रोज ३० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन (गाजरासारख्या भाज्यांत असणारा, शरीरात अ जीवनसत्त्वात रूपांतरित होणारा घटक) आणि इतरांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. हाताच्या पाठीवरील त्वचेचे सिलिकॉनमध्ये ठसे घेऊन सूक्ष्म रेषा तपासल्या, तेव्हा रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेत साडेचार वर्षांत वार्धक्याची मोजता येईल अशी वाढ आढळली नाही. बीटा कॅरोटीनचा एकंदर परिणाम मात्र दिसला नाही.

प्रतिसाद १ (असहमत):
एका घटकाची गोळी म्हणजे आहार नव्हे, त्यामुळे ती निष्प्रभ ठरली म्हणून आहार निष्प्रभ ठरत नाही. त्वचेला बळकटी देणारे कोलॅजेन नीट घडण्यासाठी क जीवनसत्त्व लागते. ते दीर्घकाळ मिळाले नाही तर केसांच्या मुळांभोवती रक्ताचे बारीक ठिपके उमटतात, केस पीळ पडल्यासारखे वाकडे उगवतात आणि भरून आलेल्या जुन्या जखमासुद्धा पुन्हा उघडू शकतात. हे स्कर्व्हीचे, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजाराचे, टोक झाले. पण उणीव नसतानाही आहाराचा परिणाम दिसतो आणि मुरुमे हे त्याचे चांगले उदाहरण आहे.

१९६९ मधील एका प्रयोगानंतर चॉकलेटचा आणि मुरुमांचा संबंध नाही, असे अनेक वर्षे सांगितले गेले. परंतु त्या प्रयोगात तुलनेसाठी दिलेल्या वडीतही साखर आणि स्निग्धांश भरपूर होते, मग फरक दिसणार कसा? पुढे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १५ ते २५ वयाच्या ४३ तरुणांपैकी ज्यांना रक्तातील साखर कमी वाढवणारा आहार १२ आठवडे दिला, त्यांची मुरुमे इतरांपेक्षा अधिक कमी झाली. रक्तात इन्सुलिन वाढले की तैलग्रंथींना चालना मिळते, हे त्यामागचे कारण मानले जाते.

प्रतिसाद २ (दोघांशी अंशतः असहमत):
आहाराची बाजू मांडताना एक धोका सांगायला हवा. असे युक्तिवाद वाचून लोक जेवण सुधारत नाहीत, गोळ्या विकत घेतात. अ जीवनसत्त्वाचा अतिरेक यकृताला आणि गर्भाला घातक ठरू शकतो. बायोटिन या ब गटातील जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेमुळे रक्तचाचण्यांचे निष्कर्ष चुकू शकतात, त्यात हृदयविकाराच्या निदानासाठी होणारी ट्रोपोनिनची चाचणीही आली. पाण्याचेही तेच. शरीरात पाण्याची कमतरता नसेल, तर जास्तीचे पाणी प्यायल्याने कोरडी त्वचा मऊ होईल असे मानायला भक्कम आधार नाही, कारण ओलावा टिकतो तो मुख्यतः बाहेरच्या थरातील स्निग्ध पदार्थांमुळे. ते कडक साबणाने आणि फार गरम पाण्याने निघून जातात.

धागाकर्ता:
मुरुमांबाबतचा मुद्दा महत्त्वाचा आहे, तरी २००७ च्या त्या चाचणीत आहार बदललेल्या तरुणांचे वजनही घटले होते, तेव्हा श्रेय आहाराला किती आणि वजनाला किती, हे वेगळे करता येत नाही. उन्हाच्या बाबतीत अशी संदिग्धता फारशी उरत नाही. २८ वर्षे ट्रक चालवलेल्या ६९ वर्षांच्या एका माणसाचे छायाचित्र २०१२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आले होते. खिडकीकडच्या डाव्या गालावर खोल सुरकुत्या पडून त्वचा जाड झालेली आणि उजवी बाजू त्या मानाने पुष्कळ तरुण. दोन्ही गालांना अन्न एकाच शरीरातून मिळत होते. फरक होता तो काचेतून आत येणाऱ्या अतिनील-अ किरणांचा.

प्रतिसाद १:
त्या छायाचित्राने उन्हाची हानी सिद्ध होते, आहाराचे गौणत्व नव्हे; दोन्ही गालांचे पोषण समान असल्यामुळे पोषणाचा परिणाम त्यात दिसणे शक्यच नव्हते. शिवाय वर ज्या स्निग्ध थराचा उल्लेख झाला, त्यातील सेरामाइड हा स्निग्ध घटक घडवायला लिनोलेइक आम्ल (खाद्यतेलांत असणारे एक स्निग्ध आम्ल) लागते आणि ते शरीराला स्वतः तयार करता येत नाही, अन्नातूनच घ्यावे लागते. त्याचा अभाव झाला की त्वचा खवल्यांसारखी सुटू लागते आणि तिच्यातून पाणी उडून जाते. वजन घटवण्यासाठी सगळे तेल बंद करून, कोरड्या पडलेल्या त्वचेवर दिवसातून चार वेळा क्रीम चोळणाऱ्या व्यक्तीला आधी कोणता प्रश्न विचारायचा, एवढेच धागाकर्त्यांनी सांगावे.