फुटली की फोडली? अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांचे काही शब्द

प्रश्न

ऑरेगन राज्यातल्या कॉर्व्हॅलिसमध्ये मी गेली अकरा वर्षं राहते. गाव लहान, विद्यापीठ मोठं. इथल्या ऑरेगन स्टेट विद्यापीठाचा (अमेरिकन) फुटबॉलचा सामना असला की शनिवारी सकाळपासून रस्ते केशरी-काळे होतात. आमच्या फ्रिजवर दर ऑगस्टात नवं वेळापत्रक लोहचुंबकाने लागतं. २०२४चं लावताना जुनं काढलं आणि दोन्ही कागद शेजारी धरून बघितले. जुन्यावर यूसीएलए, स्टॅनफर्ड, वॉशिंग्टन, युटा. नव्यावर आयडाहो स्टेट, नेवाडा, कोलोरॅडो स्टेट, एअर फोर्स. इथून ६५ किलोमीटरवरच्या युजीनचा, म्हणजे ऑरेगन विद्यापीठाचा सामना उरला होता. पण नोव्हेंबरअखेरीचा हा सामना, ज्यावर इथल्या घराघरांत नवरा-बायकोत पैजा लागतात, तो सप्टेंबरच्या मध्यावर ढकललेला.

आई साताऱ्याला असते. तिला फोनवर म्हटलं, "आमच्या परिषदेची पुनर्रचना झाली." तिने लगेच विचारलं, "कोणी केली?"

मला उत्तर देता आलं नाही, आणि तेव्हापासून तो शब्द खटकतोय. कॉन्फरन्स म्हणजे आपापसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. आमचा गट पॅक-१२, त्यातली बहुतेक विद्यापीठं सोडून दुसऱ्या गटांत गेली. इंग्रजीत याला 'कॉन्फरन्स रीअलाइनमेंट' म्हणतात. मराठी बातम्यांत मी 'परिषद पुनर्रचना'च वाचलं आहे. याहून बरा शब्द आहे का?

*

ताई, मी कोल्हापूरचा. वृत्तपत्राच्या डेस्कवर तीस वर्षं काढली, त्यात क्रीडापानावर बरीच. तुमच्या आईने अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवलं आहे. पुनर्रचनेला रचनाकार लागतो. १९५६ साली राज्य पुनर्रचना झाली, तेव्हा आयोग होता, कायदा होता, भाषा हा निकष होता. इथे नकाशा समोर ठेवून कोणीच बसलेलं नव्हतं. जो तो जास्त पैसे दिसले तिकडे गेला.

आधी 'परिषद' शब्दाबद्दल. उगमाकडे पाहिलं तर तो चूक नाही. १८९५च्या जानेवारीत शिकागोच्या पामर हाउस हॉटेलात ७ विद्यापीठांचे अध्यक्ष जमले. मैदानावर कोणाला उतरवायचं, कोण खरा विद्यार्थी, कोण पैसे देऊन आणलेला, याचे नियम ठरवायला. पुढच्या वर्षी त्यातून जी संस्था उभी राहिली तिचं अधिकृत नाव प्राध्यापक प्रतिनिधींची आंतरमहाविद्यालयीन परिषद असंच होतं. तीच आजची बिग टेन, पॅक-१२ सारखीच एक कॉन्फरन्स. म्हणजे परिषद हा शब्द तिथे सभा, बैठक या अर्थानेच आला.

पण आज ती करते काय? आमच्याकडे गावोगावच्या सोसायट्या दूध गोळा करतात, संघाला घालतात, संघ ते एकगठ्ठा विकतो आणि पैसे वाटून देतो. अमेरिकेतली कॉन्फरन्स सामन्यांचं हेच करते. १९८४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी निकाल दिला की कॉलेज फुटबॉलच्या प्रक्षेपणाची सगळी सूत्रं एनसीएएला, म्हणजे कॉलेज-खेळांच्या देशव्यापी नियामक संस्थेला, स्वतःच्या हातात ठेवता येणार नाहीत. त्या दिवसापासून सामने विकायचा अधिकार विद्यापीठांकडे आणि त्यांच्या कॉन्फरन्सकडे आला. बिग टेनने २०२२ साली फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी केलेला सौदा ७ वर्षांचा, ७०० कोटी डॉलरहून मोठा असल्याचं तेव्हाच्या बातम्यांत होतं. एवढ्या रकमेचा व्यवहार करणारी ती परिषद कसली, ती पेढी.

कामाच्या दृष्टीने 'संघ' हा शब्द चपखल बसला असता. अडचण एवढीच की क्रीडापानावर संघ म्हणजे टीम. 'ऑरेगन स्टेटचा संघ संघातून बाहेर पडला' असं वाक्य छापता येत नाही. म्हणून मी तरी 'कॉन्फरन्स'च लिहीन.

आता दुसरा शब्द. मराठीत फुटणे आणि फोडणे अशी जोडी आहे. 'घडा फुटला' म्हटलं की कोणी विचारत नाही, कोणी फोडला. 'पॅक-१२ फुटली' असं लिहिलं की आपोआप झाल्यासारखं वाटतं. माझ्या मते ती आधी फोडली आणि मग फुटली. ३० जून २०२२ रोजी बिग टेनने यूएससी आणि यूसीएलए ही लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं उचलली. देशातल्या सर्वांत मोठ्या टीव्ही बाजारांपैकी एक हाताशी आला. हे फोडणं. त्यानंतर उरलेल्यांना प्रक्षेपणाचा धड सौदा जमेना. २०२३च्या जुलैअखेरीस कोलोरॅडो गेलं आणि ४ ऑगस्टला एकाच दिवसात पाच जण गेले. ऑरेगन, वॉशिंग्टन बिग टेनकडे, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्ह या तिसऱ्या कॉन्फरन्सकडे. हे फुटणं. १९१५ पासूनची परंपरा सांगणारी कॉन्फरन्स, एका दुपारी संपली.

तेव्हा मथळ्यात 'फाटाफूट' लिहा. 'पुनर्रचना' हा शब्द जाणाऱ्यांना सोयीचा आहे, मागे राहिलेल्यांना नाही.

*

काका, फाटाफूट पटलं. पण मग 'बिग टेन'चं काय करायचं? मी 'दहा बडे' असं भाषांतर केलं होतं, ते संपादकांनी कापलं. १८ सदस्यांना दहा कसं म्हणायचं?

*

काकांच्या जागी मी उत्तर देतो. भाषांतर नको, नाव तसंच ठेवा. ग्रामपंचायतीत ७ ते १७ सदस्य असतात, तरी तिला आपण पंचायतच म्हणतो. पाचाचा हिशेब कधीच सुटला. बिग ट्वेल्व्हमध्येही आता १६ आहेत.

अंकापेक्षा मला किनाऱ्याचा त्रास होतो. मी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत राहतो. स्टॅनफर्ड आणि बर्कली ही आमच्या शेजारची विद्यापीठं २०२४ पासून ॲटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये आहेत. इथून समुद्र पाऊण तासावर, तो पॅसिफिक. बॉस्टन कॉलेज त्यांच्याच कॉन्फरन्समधलं, ते ४ हजार किलोमीटरहून दूर. फुटबॉलवाले शनिवारी खेळतात, हंगामात जेमतेम बारा सामने. पण सौदा फुटबॉलसाठी झाला आणि प्रवास व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉलच्या मुलींच्या वाट्याला आला. ओळखीतली एक मुलगी खेळते. विमानतळाच्या जमिनीवर भिंतीला टेकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन रसायनशास्त्राचा गृहपाठ करतानाचा तिचा फोटो तिच्या आईने मला दाखवला. शेजारी बर्फाची पिशवी, गुडघ्याला बांधलेली. तीन तासांचा वेळेचा फरक, आणि सकाळी आठला तास. त्या मुलीला 'विद्यार्थी-खेळाडू' म्हणताना विद्यार्थी शब्द आधी येतो, एवढंच.

*

'विद्यार्थी-खेळाडू' या शब्दावर थांबायला हवं. तो सहज आलेला शब्द नाही, ठरवून घडवलेला आहे.

१९५५ साली कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस ए अँड एम कॉलेजकडून खेळताना रे डेनिसन नावाच्या खेळाडूच्या डोक्याला मार लागला आणि तो गेला. त्याच्या पत्नीने कामगार नुकसानभरपाई मागितली. १९५७ साली कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. कामावर असताना मेला असं म्हणायचं तर तो कामगार ठरायला हवा, आणि कॉलेजने तो कामगार नाही असं सांगितलं. असे दावे येऊ लागल्यावर एनसीएएने 'स्टुडंट-ॲथलीट' हा शब्द रुजवला. संस्थेचे पहिले कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर स्वतःच हे लिहून ठेवलं.

माझी मावशी नाशिक जिल्ह्यात अंगणवाडी सेविका होती. तिच्या बँकेच्या पासबुकात येणाऱ्या रकमेला कधी कोणी पगार म्हटलं नाही. मानधन. वजनाच्या नोंदी, पोषण आहार, लसीकरणाला मुलं गोळा करणं, सर्वेक्षण, सगळी कामं नोकरीची आणि शब्द तेवढा मानाचा. वेतन म्हटलं की पाठोपाठ वेतनश्रेणी, निवृत्तिवेतन, ग्रॅच्युइटी येते. मानधन म्हटलं की आभार मानून मोकळं होता येतं. २०२२च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या प्रकरणात अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं, तेव्हा मावशी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. तिने ते कात्रण देवघरातल्या डब्यात ठेवलंय.

म्हणून अमेरिकेतल्या नव्या पैशाला काय म्हणावं, हा प्रश्न मला साधा वाटत नाही. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा जाहिरातीला देऊन कमावता येऊ लागलं. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं थेटही पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत मुभा. जुन्या खेळाडूंना मागच्या वर्षांचे म्हणून सुमारे २८० कोटी डॉलर, दहा वर्षांत. याला 'महसुलातला वाटा' म्हणतात. पण मराठीत वाटा मिळणारा तो वाटेकरी, आणि वाटेकऱ्याला घरात बोलायचा अधिकार असतो. ४ ऑगस्टला कुठल्या खेळाडूला विचारून कॉन्फरन्स बदलली? कर्मचारी म्हणूनही त्या तडजोडीने त्यांना मान्यता दिलेली नाही. तोवर मी 'मानधन'च लिहीन. त्या शब्दात काय दडलंय ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे.

*

पुन्हा कोल्हापूर. वरच्या ताईंचं अक्षर अन् अक्षर मान्य. मी एक शब्द सुचवतो. ॲथलेटिक स्कॉलरशिपला आपण शिष्यवृत्ती म्हणतो, ते मला कधीच पटलं नाही. शिष्यवृत्ती हुशारीवर किंवा गरजेवर मिळते. १९५६ पासून एनसीएएने ही दोन्ही न बघता, खेळाच्या जोरावर शिक्षण, राहणं आणि जेवण द्यायची परवानगी दिली. आमच्या तालमीत याला खुराक म्हणतात. शाहू महाराजांच्या आश्रयाखालचे मल्ल खुराकावर होते आणि ते कोणी लपवत नव्हतं. शब्द खरा होता.

*

सगळ्यांचे आभार. खुराक आणि मानधन दोन्ही वहीत लिहून घेतले.

एक शब्द मीही देते. यूसीएलए गेल्यावर बर्कलीचं नुकसान झालं. दोन्ही एकाच कॅलिफोर्निया विद्यापीठाची. तेव्हा विद्यापीठाच्या नियामक मंडळाने यूसीएलएने बर्कलीला वर्षाला १ कोटी डॉलर द्यावेत असं ठरवलं. इंग्रजी वृत्तपत्रांनी बर्कलीचं लाडकं नाव 'कॅल' आणि घटस्फोटानंतरची पोटगी म्हणजे 'ॲलिमनी' यांची सांगड घालून 'कॅलिमनी' असा जोडशब्द केला. मराठीत सरळ 'पोटगी' लिहावं, लगेच कळतं.

काल आईशी बोलले. या वेळी सांगितलं, "आधी दोघांना फोडलं, मग बाकीचे फुटले. बारातले दहा गेले. आम्ही आणि वॉशिंग्टन स्टेट, दोघंच राहिलो." ती क्षणभर गप्प झाली. आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा ती त्या घरात नवी सून होती. मग म्हणाली, "चूल कोणाकडे राहिली?"

हे मला सांगता आलं. जाणाऱ्या दहा जणांनाही मंडळात मत हवं होतं. दोघं न्यायालयात गेले. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या न्यायाधीशांनी कारभार राहिलेल्या दोघांकडे दिला. नाव, गंगाजळी, येणी-देणी सगळ्यासकट.

"मग बरं," आई म्हणाली. "चूल पेटती असली की माणसं येतात." २०२६च्या जुलैपासूनच्या यादीत बॉइझी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, युटा स्टेट, टेक्सस स्टेट आणि गोंझागा आहेत. ती नावं तिला वाचून दाखवली. युटा स्टेटला ती थांबवून म्हणाली, "हे मघाशी गेले ना?" ते युटा वेगळं, हे युटा स्टेट. हे समजावण्यात पुढची दहा मिनिटं गेली.