मजकुरातली लिपी ओळखणारं मॉड्यूल: सल्ला हवाय (बाहेरची लायब्ररी नको)

अक्षरवेडी: पायथनमध्ये छोटं मॉड्यूल लिहितेय. मजकूर दिला की प्रत्येक शब्दाची लिपी कळायला हवी. देवनागरी, रोमन आणि मोडी, एवढ्या तीनच. अट एकच: पायथनसोबत जे येतं त्यातच भागवायचंय.

उलटीवेलांटी: सरळ रेजेक्स ही बाहेरची लायब्ररी टाका. पायथनच्या आतल्या री मॉड्यूलला (मजकुरात नमुने शोधणारं) लिपीवरून शोधता येत नाही, हिला येतं. एका ओळीचं काम.

अक्षरवेडी: बाहेरची लायब्ररी नकोय हो.

अर्धविराम: रेजेक्सच बरी. नाहीतर जावास्क्रिप्टमध्ये लिहा, तिथे २०१८ पासून लिपीचा शोध भाषेतच आहे. फक्त नमुन्याला यू फ्लॅग (युनिकोड चालू करणारी खूण) द्या. तो राहिला तर एरर येत नाही, नुसतं काहीच जुळत नाही, आणि चूक शोधत बसावं लागतं.

रेफ: युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारं मानक; त्याच्या स्क्रिप्ट्स फाइलमधून सुरुवातीचा क्रमांक, शेवटचा क्रमांक, लिपी असा तक्ता करा आणि बायसेक्टने (क्रमवार यादीत शोधणारं पायथनचंच मॉड्यूल) शोधा. देवनागरी ०९७एफला संपत नाही, ए८ई० ते ए८एफएफ हीसुद्धा तिचीच. मोडी ११६०० पासून. दंड (।, क्रमांक ०९६४) मात्र 'कॉमन' आहे, कारण बंगालीही तोच वापरते.

आणि शब्द तोडायला री मधला डब्ल्यू वर्ग (शब्दातली अक्षरं पकडणारा) अजिबात नको! त्यात काना-वेलांट्या बसत नाहीत. 'मराठी'चे 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे होतात.

उलटीवेलांटी: ळ दिसला की मराठी, हेही घाला.

रेफ: कोकणीतही ळ आहे. लिपी ओळखणं वेगळं, भाषा ओळखणं वेगळं.

टंकसेवक: फाइली जुन्या फॉन्टमधल्या नाहीत ना, ते आधी बघा. पडद्यावर मराठी दिसतं, आत रोमन कोड असतात. मॉड्यूल 'रोमन' म्हणेल आणि ते बरोबरच असेल. आधी युनिकोडमध्ये आणा.

अर्धविराम: रेजेक्समध्ये तक्त्याची कटकटच नाही.

अक्षरवेडी: ठरलं. तक्ता नाही, रेजेक्सही नाही. पायथनच्याच युनिकोडडेटा मॉड्यूलमधून अक्षराचं इंग्रजी नाव घेते आणि पहिला शब्द बघते: देवनागरी, लॅटिन की मोडी. नव्या ओळीच्या चिन्हाला नाव नसतं, तिथे व्हॅल्यूएरर येतो, म्हणून दुसरं आर्ग्युमेंट रिकामी स्ट्रिंग. शब्द स्प्लिटने (मोकळ्या जागेवर) तोडते.

रेफ: दंडाचं नावही 'देवनागरी'नेच सुरू होतं. तो आधी वगळा. 'दऱ्या'तला र काही कीबोर्ड र, हलन्त आणि २००डी (न दिसणारं जोडचिन्ह) असा उमटवतात. त्या जोडचिन्हाला मागच्या अक्षराची लिपी द्या, नाहीतर त्या शब्दाची लिपी धड ठरणार नाही.

अक्षरवेडी: दोन्ही घालते. चाचणीचा पहिला शब्द 'दऱ्या'च, दोन्ही प्रकारे टाइप केलेला.