‘असू दे गं’ हे स्वतःलाही म्हणा
गरोदरपणात चिडचिड झाली की ‘बाळावर काय परिणाम होईल’ म्हणून रात्रभर स्वतःलाच दोष देत बसता, असं तुम्ही लिहिलंय. सातव्या महिन्यात माझंही अगदी हेच चाललं होतं. एकदा दूध उतू गेलं आणि ओटा पुसता पुसता मला रडू फुटलं, ‘एवढंही जमत नाही, आई कशी होणार मी?’ तेच धाकट्या बहिणीच्या हातून झालं असतं तर म्हटलं असतं, ‘असू दे गं, बस जरा, पाय बघ किती सुजलेत.’ मग तेच वाक्य स्वतःला मोठ्याने म्हणायची सवय लावली. आधी फार अवघडल्यासारखं व्हायचं. पण बाळंतपणानंतर अंगावरचं दूध पुरेना, तेव्हा हीच सवय कामी आली.

स्वतःशी असं वागण्याला स्व-करुणा म्हणतात. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ तिच्यात तीन गोष्टी सांगतात: स्वतःशी मायेने वागणं, असं सगळ्यांचंच होतं हे ओळखणं आणि मनातलं न दडपता, न वाढवता बघणं.

अर्थात एवढ्याने नैराश्य टळेलच असं नाही. आधी कधी नैराश्य आलं असेल तर डॉक्टरांना आत्ताच सांगा. नैराश्य ओळखण्यासाठीच्या एडिनबरो प्रश्नावलीतले १० प्रश्न गरोदरपणातही विचारतात, तपासणीच्या वेळी तो विषय काढा. बाळंतपणानंतरचं हळवेपण साधारण २ आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं तर अंगावर काढू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत, मराठीतही बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर त्याच क्षणी घरच्यांना उठवा, मध्यरात्र असली तरी.