लॉकडाऊनच्या वर्षात बेरोजगारी घटली कशी? (पीएलएफएस आणि गरिबीचं मोजमाप)

आकडेमोड_पुणे: एम.ए.च्या प्रबंधासाठी सरकारचं श्रमबल सर्वेक्षण (पीएलएफएस) वापरतोय. १५ वर्षांवरील बेरोजगारी २०१८-१९ मध्ये ५.८ टक्के, २०१९-२० मध्ये ४.८ आणि २०२०-२१ मध्ये ४.२. पण २०२०-२१ मध्येच जीडीपी सुधारित आकड्यांनुसारही ५.८ टक्क्यांनी आकसला. हे जुळवायचं कसं? आणि त्या वर्षाची गरिबी कशावरून काढायची?

श्रमिकरेषा: आकडे बरोबर आहेत, निकष चुकीचा आहे. तुम्ही घेतलेली 'नेहमीची स्थिती' मागचे ३६५ दिवस बघते, त्यामुळे दोन-तीन महिन्यांचा खड्डा त्यात बुजून जातो. शिवाय गरिबाला बेकार बसणं परवडत नाही. शहरातलं काम सुटलं की तो गावी जाऊन घरच्या शेतात उतरतो आणि 'रोजगारात' मोजला जातो. शेतीचा रोजगारातला वाटा याच तीन वर्षांत ४२.५ वरून ४५.६ आणि मग ४६.५ टक्के झाला. स्त्रियांचा श्रमसहभाग २४.५ वरून ३२.५ वर गेला, तोही प्रगती म्हणून लिहू नका. आधी त्यातले कोड २१, म्हणजे घरच्या धंद्यातले बिनपगारी मदतनीस, किती ते बघा.

चालू साप्ताहिक स्थिती, म्हणजे फक्त मागच्या सात दिवसांची, घ्या आणि तिमाहीवार काढा. एप्रिल-जून २०२० मध्ये शहरी बेरोजगारी सुमारे २१ टक्के दिसेल, तरीही ती खऱ्यापेक्षा कमीच आहे. कोड ६२ आणि ७२ वाले, म्हणजे काम आहे पण आजारपणाव्यतिरिक्त कारणाने आठवडाभर केलं नाही असे लोक, रोजगारातच धरले जातात. लॉकडाऊनमध्ये कळीचे हेच. सातही दिवसांचे प्रत्यक्ष तास नोंदलेले असतात, ते बेरजेला घ्या आणि शून्य तासवाले वेगळे काढा.

वेटेजमध्ये, म्हणजे नमुन्यातला एक माणूस किती माणसांच्या जागी धरायचा यात, बरेच जण अडकतात. डेटा फाइलमधले एनएसएस (उपनमुन्यातली संख्या) आणि एनएससी (एकत्रित नमुन्यातली संख्या) हे रकाने समान असतील तर मल्टिप्लायरचा रकाना भागिले १००, नसतील तर २००. वार्षिक अंदाजासाठी त्याला पुन्हा तिमाह्यांच्या संख्येने भागा. वार्षिक आकड्यांसाठी फक्त पहिल्या भेटीची फाइल. शहरी पुनर्भेटी त्यात मिसळल्या तर शहरातली तीच माणसं पुन्हा मोजली जातात.

उपभोगखर्च: गरिबीबद्दल. उपभोग खर्चाची पाहणी २०११-१२ ची, २०१७-१८ चे निकाल सरकारने रोखले, पुढची थेट ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३. म्हणजे मंदीच्या वर्षाचा थेट आकडाच नाही. पीएलएफएसमध्ये महिन्याच्या खर्चाची माहिती अगदी त्रोटक घेतली जाते आणि लोक गोल रकमा सांगतात. त्यावर तेंडुलकर समितीची दारिद्र्यरेषा (२०११-१२ साठी माणशी महिना ग्रामीण ८१६, शहरी १००० रुपये) महागाईने वाढवून लावू नका. त्रोटक विचारणा लांबलचक प्रश्नावलीपेक्षा कमी खर्च पकडते, गरिबी फुगलेली निघते. त्यापेक्षा कमाईचं वितरण मांडा, पण रोजंदारीची मिळकत ७ दिवसांची, पगार आणि स्वयंरोजगाराची महिन्याची, हे जुळवून घ्या.

सीएमआयई या खाजगी संस्थेचं पॅनेल, म्हणजे ठरावीक घरांची पाहणी, दर चार महिन्यांनी त्याच घरी जातं, म्हणून मोहात पाडतं. लॉकडाऊनमध्ये मुलाखती फोनवर झाल्या आणि बरीच घरं गळली. कोणती गळली हे आधी तपासा. सर्वात गरीब घरं त्यात मुळातच कमी येतात, हा द्रेझ आणि सोमांची या अभ्यासकांचा आक्षेप मला रास्त वाटतो. एप्रिल-मे २०२० चे किंमत निर्देशांक अंदाजाने भरलेले आहेत, तेव्हा महिनावार भाववाढ वजा करताना जपून.

रोहयो_अभ्यासक: धोरणाचा भाग घेणार असाल तर मनरेगाचे २०२०-२१ मधले ३८९ कोटी मनुष्यदिवस (आदल्या वर्षी २६५ कोटी) ही गरज नव्हे, पुरवठा आहे. ग्रामपंचायतीत मागणीची तारखेसह पावती मिळाली नाही तर मागणी नोंदलीच जात नव्हती. जास्त काम मिळालेले जिल्हे आणि कमी मिळालेले यांची सरळ तुलनाही करू नका. जिथे मजूर जास्त परतले तिथेच काम जास्त मागितलं गेलं, म्हणून योजनेनेच गरिबी वाढवली असं उलटं उत्तर येईल. २०२० च्या आधीच्या तीन वर्षांची जिल्ह्याची काम पुरवण्याची सरासरी क्षमता घेऊन गट पाडा.

शहरासाठी असा कायदाच नव्हता. १९७२ च्या दुष्काळातून आलेला आपला १९७७ चा रोजगार हमी कायदाही ग्रामीण भागापुरताच. शहरी गरिबांच्या वाट्याला रेशन आणि महिला जनधन खात्यांत तीन महिने ५००-५०० रुपये. महाराष्ट्रातला मनरेगाचा दर तेव्हा २३८ होता, म्हणजे महिन्याला जेमतेम दोन दिवसांची मजुरी.

आकडेमोड_पुणे: मराठवाड्यातले जिल्हे वेगळे काढता येतील का?

श्रमिकरेषा: त्या वर्षांच्या नमुन्यातून नाही, आखणी राज्यपातळीची होती. फार तर राष्ट्रीय नमुना पाहणीने (हीही एनएसएसच, पण वरच्या रकान्याशी संबंध नाही) पाडलेले राज्यातले सहा विभाग घ्या, आणि तेही दोन वर्षांचा डेटा एकत्र करून, प्रत्येक आकड्याशेजारी प्रमाणत्रुटी, म्हणजे नमुन्यामुळे अंदाज किती इकडे-तिकडे होऊ शकतो ते, छापून.